लिंबू, लोहचुंबक आणि शहाबादी फरशी

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, शाळांच्या व्हरांड्यांत, एसटीच्या स्टँडांवर आपण ज्या फरशीवरून चाललो, तिचं गाव तिच्या नावातच आहे. तरी ते नकाशावर दाखवायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट अडखळेल. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. सोलापूरहून वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या रेल्वेत कलबुर्गी गेलं की थोड्याच वेळात ते येतं. रुळांच्या दोन्ही बाजूंना राखाडी, निळसर चळती रचलेल्या दिसू लागतात आणि खाणींचे चौकोनी खड्डे दिसतात.

या फरशीवर लिंबाचे चार थेंब सांडून तसेच राहिले, तर तिथे पांढुरका, खरबरीत डाग उठतो. तो कितीही घासला तरी जात नाही. चिंच-लिंबू फरशीवर टेकवू नये हे घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुलांच्या वाट्याला मात्र त्यातलं फक्त ओरडणं येतं: “अरे, पूस आधी ते, डाग पडेल!” डाग का पडतो, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात आणि लागतो तो टाकून दिलेल्या फरशीचा एक तुकडा.

तुकड्यावर खिळ्याने जोरात रेघ ओढायची. पांढरी पूड निघते. त्या पुडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकायचं आणि भिंग लावून बघायचं. बारीक बुडबुडे येतात. फरशी चुनखडीची आहे आणि चुनखडीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला आहे. आम्ल पडलं की तो सुटतो. न खरवडलेल्या फरशीवर हेच करून पाहिलं तर फसफस इतकी मंद असते, की मूल म्हणतं, “काहीच होत नाही.” शहाबादीत चुन्याबरोबर माती आणि सिलिकाही मिसळलेली आहे, शिवाय अखंड दगडात रसाला शिरायला जागा कमी. पूड केली की जागा वाढते. मग तोच रस रस्त्याकडेच्या काळ्या दगडावर टाकायचा. तिथे बुडबुडे येत नाहीत. दोन दगड वेगळे आहेत, हे मुलाने आता स्वतः पाहिलेलं असतं.

व्हिनेगर आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दिसतंच, पण तिथे ते थर्माकोलच्या ज्वालामुखीत ओततात. शंकू, त्याला तपकिरी रंग, आत खाण्याचा सोडा, वरून लाल फेस आणि टाळ्या. दख्खनच्या पठारावर या प्रयोगाइतका गैरलागू प्रयोग दुसरा नसेल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा आला तो शंकूच्या टोकातून उसळून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला, थरावर थर बसत गेला. सोड्याच्या फेसाचा तर लाव्ह्याशी काडीचाही संबंध नाही. तेच व्हिनेगर वर्गाच्या फरशीवर चार थेंब टाकलं असतं तर खरं भूशास्त्र दिसलं असतं, पण त्याला टाळ्या पडत नाहीत.

बिदर आणि कलबुर्गी हे दोन सीमाजिल्हे या बाबतीत भाग्यवान आहेत, इतके की इथे भूशास्त्र शिकवायला साहित्याची पेटी विकत आणावी लागू नये. बिदरला सुरुवात करून हुमनाबाद, कलबुर्गी, शहाबाद, वाडी असं यादगीरपर्यंत गेलं, की चार तऱ्हेचे दगड एकामागोमाग एक पायाखालून जातात. वाट उतरणीची आहे. बिदर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर, कलबुर्गी साडेचारशेच्या आसपास. जसजसं उतरावं तसतसा दगड जुना होत जातो. वर लाल जांभा, त्याखाली काळा बेसाल्ट, त्याखाली चुनखडी आणि शेवटी यादगीरचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो ग्रॅनाइट, अब्जावधी वर्षांचा. पुस्तकात हे थर एका उभ्या चित्रात दाखवलेले असतात. इथे ते आडवे पसरले आहेत. 2017 साली बिदर-कलबुर्गी हा सुमारे 110 किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून यातला बराचसा भाग खिडकीत बसूनही बघता येतो.

*

सुरुवात बिदरच्या किल्ल्यापासूनच करावी. अहमदशाह बहमनीने 1420 च्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला हलवली. हवा चांगली, वगैरे कारणं इतिहासात सांगितली जातात. मला वाटतं, त्या माणसाने, निदान त्याच्या कारागिरांनी, दगड पाहिला असावा. किल्ल्याच्या एका अंगाला एकापाठोपाठ एक असे तीन खंदक आहेत आणि ते बांधलेले नाहीत, अखंड दगडात खोदलेले आहेत. दोन खंदकांच्या मधली भिंत म्हणजे न खोदता सोडलेला दगड. असं काम बेसाल्टात करायला घेतलं असतं तर बहमनी घराणं संपलं असतं, खंदक संपला नसता. जांभा जमिनीत ओलसर असतो तोवर छिनीला सहज कापला जातो. उघड्यावर येऊन वाळला की कडक होतो.

खंदकाच्या भिंतीशी मुलाला नेलं की पहिल्यांदा त्याला भोकं दिसतात. बोट जाईल अशी, पेन जाईल अशी वेडीवाकडी भोकं. काहींत पिवळट माती, काही रिकामी. हा दगड मुळात काळा होता. त्याच्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, पाण्याने सिलिका, चुना, सोडियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोह गंजलं, म्हणून लाल. बिदरच्या पठारावर हा लाल थर 30 ते 60 मीटर जाड आहे. त्यातून कुठल्या उंचीवर काय धुऊन गेलं आणि काय उरलं, हे खालपासून वरपर्यंत वाचता येतं. म्हणून या गावाचं नाव जगभरच्या संशोधकांना ठाऊक आहे. मद्रास फौजेतल्या कॅप्टन न्यूबोल्डने 1840 च्या दशकात त्यावर लिहिलं. 2004 साली ‘केमिकल जिऑलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध आला. दगड कुजताना लिथियमच्या समस्थानिकांचं काय होतं, हे पाहण्यासाठी त्या अभ्यासकांनी नमुने घेतले ते बिदरच्या जांभ्याचे. आज मोबाइलच्या बॅटरीमुळे पोरासोरांनाही लिथियम हे नाव माहीत आहे. आपल्या गावच्या दगडावर हा अभ्यास झाला, हे बिदरमधल्या किती शाळांत सांगितलं जातं?

किल्ल्याचा दगड खरवडू नये, फोडू तर मुळीच नये. ते संरक्षित स्मारक आहे. जांभ्याचे तुकडे गावाबाहेर हवे तेवढे पडलेले असतात. असा एक तुकडा आणि साधारण तेवढाच बेसाल्टचा तुकडा घरी आणावा. दोन्ही दोन दिवस उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावेत आणि पाण्यात सोडावेत. जांभ्यातून बुडबुड्यांची रांग लागते. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. बेसाल्ट गप्प राहतो. रात्रभर ठेवून सकाळी वरचं पाणी पुसून पुन्हा तोलायचं. वजनातला फरक म्हणजे दगड प्यायलेलं पाणी. हा आकडा मुलाने वहीत लिहून ठेवावा, कारण बिदरचा पुढचा सगळा इतिहास त्याच आकड्याचा आहे.

लाल दगड पाणी पितो, खालचा काळा पीत नाही. पावसाचं पाणी वरून मुरत जातं, काळ्या दगडाला टेकतं आणि आडवं चालू लागतं. पठाराची कड आली की बाहेर पडतं. नानक झिरा गुरुद्वारातला झरा, पापनाशाच्या शिवमंदिराजवळचा झरा हे सगळे या दोन दगडांच्या सांध्यावरचे. गुरू नानकांनी पायाने दगड बाजूला सारला आणि तहानलेल्या गावाला पाणी मिळालं, अशी श्रद्धा आहे. झरणी नरसिंहाला जायचं तर डोंगरात खोदलेल्या बोगद्यातून सुमारे 300 मीटर पाण्यातून चालावं लागतं. पाणी कमरेच्या वर, काही ठिकाणी छातीपर्यंत, आणि वर वटवाघळं. लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून जातात. त्या मुलाचा हात छताला पोचतो. त्याला तो फिरवायला सांगावं: खडबडीत आहे, ओलं आहे, पाणी छतातूनच झिरपतंय. देवाला नमस्कार करून परत येताना हे कळलं तर भक्तीत काही उणं पडत नाही.

हे निसर्गाचं काम माणसाने पुढे नेलं ते कारेझमध्ये. शहराजवळ नौबादला जमिनीखालून दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा गेला आहे. वर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी. ही विद्या इराणातून आली; तिथे तिला कनात म्हणतात. बहमनी दरबारात इराणी माणसांचा राबता मोठा होता. ज्याच्या मदरशाची 1472 ची इमारत आजही अर्धीमुर्धी उभी आहे, तो महमूद गावानही मूळचा गिलानचाच. कारेझमध्ये पंप नाही, मोट नाही. बोगद्याला अगदी थोडा उतार दिला की दगडातून झिरपलेलं पाणी स्वतःच्या वजनाने चालत येतं. उभ्या विहिरी खोदताना राडारोडा वर काढायला आणि नंतर हवा-उजेड मिळायला व पाणी शेंदायला. केरळातले भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या बोगद्यांचा माग काढून त्यांचे नकाशे केले, तेव्हा गावाला आपल्या पायाखालच्या या व्यवस्थेची पुन्हा आठवण झाली. गेल्या दशकात गाळ काढायचं कामही झालं. मुलांना कारेझ वरूनच दाखवावं, आत उतरवू नये. वरूनही एक गोष्ट करता येते: विहिरींच्या तोंडांची जागा वहीत टिपून रेघ जोडायची. जमिनीखालचा बोगदा कागदावर उमटतो.

*

बिदरीच्या भांड्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते बहुतेक नक्षीबद्दल. मला त्यातली माती जास्त महत्त्वाची वाटते. जस्त भरपूर, तांबं थोडं, अशा मिश्रधातूचं भांडं ओततात. घासून त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरताना रेघ दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात आणि भांडं पुन्हा घासतात. इथवर भांडं करडं आणि चांदी पांढरी, दोघांत फारसा फरक नाही. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते गरम भांड्याला लावतात आणि बघता बघता जस्त काळंभोर होतं. चांदीला काही होत नाही.

ही माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या जुन्या, छताखालच्या जागेतली, जिथे शतकानुशतकं ऊन-पाऊस पोचला नाही अशी लागते. कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात. यात जादू नाही. जुन्या वास्तूंच्या मातीत कुजण्यातून नायट्रेटचे क्षार साठतात आणि ते पाण्यात चटकन विरघळतात. एक पावसाळा लागला तरी धुऊन जातील. छप्पर आहे म्हणून ते टिकले. पूर्वी तोफेच्या दारूसाठी लागणारा सोराही अशाच जुन्या भिंतींच्या मातीतून काढत. जिभेने क्षार ओळखणारा तो कारागीर पदवी नसलेला रसायनतज्ज्ञ आहे, असं मी सरळ म्हणेन. 2023 मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कलेचा गौरव झाला. मातीची ही पारख विज्ञान म्हणून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेली मला दिसली नाही.

घरी नवसागराचे प्रयोग नकोत आणि मुलांनी माती चाखायचीही नाही. कारखान्यात जाऊन शेवटची पायरी बघावी, कारागिराला प्रश्न विचारावेत, पुरे. घरी करायचाच तर मातीचा दुसरा सोपा प्रयोग आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी भरून झाकण लावायचं, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात बसते, गाळाला तासभर लागतो, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. बिदरची तांबडी आणि भालकीची काळी अशा दोन बरण्या शेजारी ठेवल्या, की काळ्या रानात पावसानंतर पाय का रुततो आणि बिदरच्या माळावर का रुतत नाही, याचं उत्तर खिडकीत उभं असतं.

*

हुमनाबादकडे उतरताना रस्ता खोदलेल्या जागी बेसाल्ट दिसतो. काळा, कुठे करडा, त्यात पांढरे ठिपके. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे कॅल्साइट किंवा झिओलाइट भरलं. ठिपक्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही आले तर बहुधा झिओलाइट. काही ठिकाणी दगड गोल होऊन कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. कुजणं भेगांतून कोपऱ्यांवर सुरू होतं आणि कोपरे आधी जातात, म्हणून गोल.

लोहचुंबक इथे बाहेर काढावा. जुन्या स्पीकरमधला उत्तम. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवायचा. पिशवीवर काळी पूड चिकटते आणि पिशवी उलटी केली की हातात येते. बेसाल्टातून सुटलेलं मॅग्नेटाइट. मग मुलाला विचारावं: जांभ्यात लोह जास्त असतं, त्याची पूड जास्त चिकटेल ना? करून बघू दे. बहुतेक वेळा फारच थोडी चिकटते. लोह आहे, पण ते गंजलेलं, हेमटाइट आणि गोएथाइट या रूपात, आणि गंजाला चुंबकाची ओढ फारशी नसते. हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण यात मोठ्यांचाही अंदाज चुकतो.

बेसाल्टचा हा थर दक्षिणेकडे पातळ होत जातो. सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरहून जास्त. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने बोअर घेतलं तेव्हा ती 338 मीटर भरली. आणि कलबुर्गीच्या पुढे तो संपतोच. लाव्हा जिथपर्यंत आला त्या कडेवर शहाबाद आहे, म्हणून तिथे चुनखडी उघडी पडली आणि आपल्याला फरशी मिळाली.

ही चुनखडी भीमा खोऱ्यातल्या उथळ समुद्राची. तो चिखल साचत होता तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं आणि पाण्यात मासा नव्हता. म्हणून शहाबादी फरशीत शंख शोधू नका, मिळणार नाहीत. याच खोऱ्यातल्या हलकलच्या शेलमध्ये मात्र काही मिलिमीटरचे गोल काळे ठिपके सापडले आहेत, चुआरिया नावाच्या जीवाचे. त्या काळातल्या जीवसृष्टीचं डोळ्यांना दिसणारं एक रूप. फरशीची कड बघितली की पातळ थर मोजता येतात. पाथरवट छिनी नेमकी या थरांवर मारतो आणि दगड पानं सुटावीत तसा सुटतो, म्हणून ती स्वस्त पडली. वाडी, सेडम, मळखेडचे सिमेंट कारखाने याच दगडावर चालतात. सन्नतीला चंद्रलांबेच्या दर्शनाला महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं जातात. ती त्यांची कुलदेवता. त्याच आवारातल्या काली मंदिराचं छत 1986 मध्ये कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख निघाले. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपावर ज्या शिळेत सम्राट अशोकाचं नाव कोरलेली प्रतिमा आहे, तीही चुनखडीच. देवीला ओटी भरून झाली की तासभर तिकडे जावं.

याच दगडाचं आणखी जुनं गिऱ्हाईक हुणसगी खोऱ्यात होतं. इसामपूरला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी उत्खनन केलं, त्यात अश्मयुगीन माणसांनी चुनखडीच्या लाद्या उचकटून हातकुऱ्हाडी घडवल्याची जागाच सापडली. काळ सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीचा. तो भाग पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होता, 2009 अखेरीपासून यादगीरमध्ये आहे. कोणत्या लादीतून धार निघेल आणि कोणती भुगा होईल, हे त्या माणसांना हाताने कळत होतं.

चुनखडी घरात पुन्हा तयारही करता येते. पानाच्या डबीतला चुना चण्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळावा, रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओतावी. त्यात नळीने हळू फुंकर मारायची; ओढायचं नाही, हे मुलाला दोनदा बजावावं. अर्ध्या मिनिटात निवळी दुधाळ होते. ते पांढरं म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून झालेला शहाबादचा दगड, भुकटीच्या रूपात. भट्टीत त्यातून जो वायू उडून गेला होता तो आपण परत दिला.

पाण्याचंही तसंच. शहाबादकडच्या विहिरीचं पाणी आणि बिदरच्या झऱ्याचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन साबणाचे सारखेच थेंब टाकून हलवावं. झऱ्याच्या पाण्याला फेस येतो, चुनखडीच्या पाण्यात दह्यासारखी साय धरते. जड पाण्यात डाळ शिजत नाही, ही बायकांची तक्रार यातलीच; पाण्यातलं कॅल्शियम दाण्यांच्या पेशींना घट्ट बांधून ठेवतं. आणि गंमत अशी, की 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गुलबर्ग्याची तूर याच मुलखातली आहे.

*

एक विषय खेळाचा नाही, तरी टाळता येणार नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. किल्लारी बसवकल्याणपासून पन्नासेक किलोमीटरवर. बिदर जिल्ह्यातल्या सीमेवरच्या गावांना तो धक्का जोरात बसला. भूकंप 6.2 रिश्टरच्या घरातला, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. तरी लातूर-उस्मानाबादेत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण दगड-मातीच्या दोन पदरी भिंती आणि वर हातभर जाडीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच ओझं अंगावर आलं. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये कलबुर्गीच्या चिंचोळी भागात, गडीकेश्वरच्या परिसरात जमिनीतून आवाज आणि लहान धक्के सुरू झाले. त्यातला एक 4.1 चा होता. लोक रात्री घराबाहेर झोपले. मुलांनी मोठ्यांना विचारलं, हे काय आहे? उत्तर देता येईल इतकं भूशास्त्र फार थोड्या घरांत होतं.

दोन प्लायच्या फळ्या, मध्ये चार गोट्या आणि दोन्ही टोकांना रबर, एवढ्यावर भूकंपाचं मेज होतं. वरच्या फळीवर दोन घरं: एक खडे आणि मातीचं, वर मातीची जाड लादी, दुसरं त्याच भिंतींचं, पण छपराखाली चारही बाजूंनी काड्यांची पट्टी बांधलेली आणि वर पुठ्ठा. रबर ओढून सोडायचं. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात घरांना काँक्रीटच्या पट्ट्या का घातल्या, हे यावरून सातवीच्या मुलाला समजतं. दुसरं काम याहून मोलाचं आहे. आजी-आजोबा, काका-आत्या यांना विचारायचं: त्या पहाटे तुम्ही कुठल्या गावात होतात? नुसती जाग आली, भांडी पडली, की भिंतीला तडा गेला? उत्तरं तालुक्याच्या नकाशावर रंगांनी भरायची. भूकंपशास्त्रज्ञ तीव्रतेचे नकाशे अशाच विचारपुशीतून करतात. ती पहाट आठवणारी माणसं आता चाळिशीच्या पुढे गेली आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. ज्या घरात माणूस गेला असेल तिथे मात्र प्रश्न मुलाने एकट्याने विचारू नये.

शाळा यात काय करू शकते? कलबुर्गीचं जिल्हा विज्ञान केंद्र 1984 पासून आहे. देशातल्या पहिल्या काही जिल्हा केंद्रांपैकी ते एक. सहल तिथे जरूर न्यावी, पण वाटेत एका खाणीच्या कडेला बस थांबवावी. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून मुलांना आपल्या परिसरातलाच प्रश्न घ्यायला सांगते. बिदर-भालकीच्या मुलांना यासाठी विषय शोधत बसावं लागू नये. अडचण साहित्याची नाही आणि भाषेचीही नाही. मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही शाळांतल्या मुलांच्या खिशात खडे सारखेच असतात. अडचण परीक्षेची आहे. दगड हातात घेण्याला गुण नाहीत, व्याख्येला आहेत, म्हणून शिक्षक व्याख्या लिहून देतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. दगडांसाठी वर्षातून एक शनिवार पुरे.

सोडून दिलेल्या खाणींत पावसाचं पाणी साठतं, काठ सरळ तुटलेले असतात आणि खोली कळत नाही. तिथे मुलांना काठावरही एकटं सोडू नये. चालू खाणीत परवानगीशिवाय जाऊ नये. दगड उचलताना आधी काठीने उलटवावा, खाली विंचू असतो.

आणि ज्यांना इतक्या लांब जाणं शक्य नाही, त्यांच्या अंगणात दिवाळीचा किल्ला होतोच. यंदा रायगड-प्रतापगडाला सुट्टी द्यावी आणि बिदर करावा. तळाला काळी चिकणमाती वीतभर थापून गच्च करायची, तिला एका बाजूला जरासा उतार. हा बेसाल्ट. त्यावर विटांचे खडे आणि मुरूम यांचा दोन वितींचा थर. हा जांभा. त्यात एका अंगाला तीन खंदक, मधल्या भिंती न तोडता. वरचा थर घालण्याआधी एक नळी भोकं पाडून काळ्या मातीवर टेकवून ठेवायची, तिचं तोंड बाहेर काढायचं. तटावर मावळे किंवा बहमनी शिपाई, जे हाताशी असतील ते. मग माथ्यावर झारीने पाणी घालत राहायचं. बराच वेळ काही दिसत नाही, लाल थर पीत असतो. नंतर दोन्ही मातींच्या सांध्यावर ओल धरते, थेंब येतात, आणि नळीच्या तोंडातून धार लागते. नळीला उतार फार देऊ नका. पाणी जोरात धावलं की माती ओढून आणतं आणि नळी बुजते. नौबादच्या कारेझलाही तो अगदी कमीच आहे.